कंपनी खरंच 'शाश्वत' आहे का? हे कसं मोजतात आणि आकडे कुठे दिशाभूल करतात?

सप्टेंबर २०१५. 'डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्स' या नावाजलेल्या निर्देशांकाने जर्मनीच्या फोक्सवॅगनला वाहन उद्योगातली सर्वात शाश्वत कंपनी ठरवलं. त्यानंतर काही दिवसांतच, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने धक्कादायक माहिती जाहीर केली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषण चाचणी सुरू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. चाचणीच्या वेळी गाडी नियमांत बसायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडायची. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीनेच नंतर मान्य केलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला निर्देशांकातून वगळण्यात आलं.

मग पहिला नंबर मिळाला कसा? अशी मूल्यांकनं मुख्यतः कंपनीने भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आणि तिने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या माहितीवर होतात. प्रश्नपत्रिकेत जे विचारलं, त्याची उत्तरं चांगली होती. जे विचारलंच नव्हतं, ते रस्त्यावर दिसलं.

आज साबणाच्या वेष्टनावर हिरवं पान असतं, बँकेच्या जाहिरातीत 'ग्रीन', सिमेंट कंपनीच्या पोस्टमध्ये 'नेट झिरो'. यातलं खरं किती, हे ठरवायला आकडे आहेत, नियम आहेत, अहवालही आहेत. ते वाचायचे कसे, ते समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- भारतातल्या शेअर बाजारातील मोठ्या १,००० कंपन्यांना दरवर्षी शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो. तो कुणालाही मोफत वाचता येतो.
- आकडा खोटा नसतानाही चित्र खोटं असू शकतं. कशाला भागलं, कोणत्या वर्षाशी तुलना केली आणि कुणाला मोजलंच नाही, यावर सगळं ठरतं.
- सर्वात मोठी गफलत कंपनीच्या गेटबाहेर होते. तिथलं पाणी, तिथला धूर आणि तिथली माणसं बहुतेक वेळा हिशेबात येतच नाहीत.

शाश्वत व्यवसाय म्हणजे नेमकं काय?

नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ मध्ये 'शाश्वत विकास' ही कल्पना जगापुढे ठेवली. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचं संपवायचं नाही, हा तिचा गाभा.

ही कल्पना धंद्याच्या हिशेबात आणली ती ब्रिटिश सल्लागार जॉन एल्किंग्टन यांनी. १९९४ मध्ये त्यांनी 'ट्रिपल बॉटम लाइन' हा शब्दप्रयोग केला. ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीत फक्त नफा नको. माणसं आणि पृथ्वी यांचाही हिशेब हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण २०१८ मध्ये याच एल्किंग्टन यांनी लेख लिहून स्वतःच्या या संकल्पनेचा फेरविचार व्हावा, अशी मागणी केली. कंपन्यांनी तिचं निव्वळ हिशेबाचं साधन करून टाकलं आणि धंदा मात्र पूर्वीसारखाच चालू ठेवला, ही त्यांची तक्रार होती.

सध्या सर्वाधिक कानावर पडतो तो शब्द म्हणजे ईएसजी. पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून तो बनला आहे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून तो रूढ झाला. या शब्दात एक खोच आहे. बऱ्याचदा ईएसजी मूल्यांकनाचा प्रश्न 'कंपनीमुळे पर्यावरणाला किती धोका आहे' हा नसतो. 'पर्यावरणामुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे' हा असतो. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण ते एकच नाहीत. चांगला ईएसजी गुण म्हणजे चांगली वागणूक, असं थेट समीकरण मांडता येत नाही ते यामुळेच.

भारतात कंपन्यांना काय सांगावं लागतं?

भारतात याची सूत्रं भांडवली बाजाराची नियामक संस्था 'सेबी'कडे आहेत. २०१२ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना जबाबदार व्यवसायाबद्दल अहवाल देणं बंधनकारक झालं. मे २०२१ मध्ये सेबीने त्याची जागा घेणारा नवा, अधिक तपशीलवार नमुना आणला. त्याचं नाव 'बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट', म्हणजेच बीआरएसआर. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा आहे.

हा अहवाल केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नऊ तत्त्वांवर आधारलेला आहे. त्यात दोन प्रकारचे प्रश्न असतात. पहिला प्रकार आवश्यक, म्हणजे उत्तर द्यावंच लागतं. वीज किती वापरली, पाणी किती उपसलं, कचरा किती झाला आणि त्याचं काय केलं, किती कामगार जखमी झाले, किती दगावले, स्त्री-पुरुषांना पगार किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती, हे सगळं त्यात येतं. दुसरा प्रकार ऐच्छिक. त्याला 'लीडरशिप' असं भारदस्त नाव आहे.

अहवाल वाचताना ही विभागणी लक्षात ठेवा. अवघड प्रश्न बरेचदा ऐच्छिक रकान्यात असतात आणि रिकामे राहतात.

कार्बन मोजतात कसा?

अनेकांना वाटतं, धुराड्यावर मीटर बसवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. कार्बनचा हिशेब म्हणजे प्रामुख्याने गुणाकार असतो. किती इंधन जाळलं, त्याला ठरावीक गुणकाने गुणायचं.

एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतातली वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होत असल्याने ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरतात. एखाद्या कारखान्याने वर्षात १०,००० लिटर डिझेल आणि १ लाख युनिट वीज वापरली, तर अंदाजे २७ टन अधिक ७० टन, म्हणजे ९७ टन उत्सर्जन झालं. मिथेनसारखे इतर वायूही असतात. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट असते. म्हणून त्यांचं रूपांतर करून एकच बेरीज मांडतात.

ही बेरीज तीन टोपल्यांत विभागली जाते. 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल' या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत त्यांना स्कोप म्हणतात. एखादी बिस्किट कंपनी घेऊन पाहूया.

- स्कोप १: कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर, जनरेटर आणि गाड्यांमधून निघालेलं उत्सर्जन.
- स्कोप २: विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन. धूर कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रातून निघतो, पण दिवा कंपनीत लागतो.
- स्कोप ३: उरलेलं सगळं. गहू आणि साखर पिकवताना टाकलेलं खत, पामतेल, वेष्टनाचं प्लास्टिक, मालाची ने-आण, कर्मचाऱ्यांचा प्रवास, फेकलेला पुडा. या टोपलीचे १५ उपप्रकार आहेत.

बहुतेक ग्राहकोपयोगी कंपन्यांची सर्वात मोठी टोपली तिसरी असते. दुचाकी बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यातून निघणारा धूर आणि तिच्या गाड्या पुढची दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर जो धूर सोडतील तो, यांची तुलना करून पाहा. तेलकंपनीचंही तसंच. पेट्रोल शुद्ध करताना होणारं उत्सर्जन एकीकडे आणि ते गाडीत जळतं तेव्हाचं दुसरीकडे.

बीआरएसआरमध्ये स्कोप १ आणि २ सक्तीचे आहेत. स्कोप ३ ऐच्छिक आहे. त्यामुळे 'आम्ही २०३० पर्यंत कार्बन न्यूट्रल होणार' असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न हाच: कोणत्या टोपल्या धरून?

आकडा खरा, चित्र खोटं: हे कसं घडतं?

वरचीच काल्पनिक बिस्किट कंपनी पुढे नेऊ. पहिल्या वर्षी तिची उलाढाल १,००० कोटी रुपये, उत्पादन १ लाख टन आणि उत्सर्जन ५०,००० टन. दुसऱ्या वर्षी उलाढाल १,२५० कोटी, उत्पादन १ लाख ४ हजार टन आणि उत्सर्जन ५५,००० टन.

आता कंपनी तीन प्रकारे बातमी देऊ शकते.

- उलाढालीच्या प्रत्येक कोटीमागे: ५० टनांवरून ४४ टन. 'उत्सर्जनाच्या तीव्रतेत १२ टक्के घट!'
- प्रत्येक टन बिस्किटांमागे: ५०० किलोंवरून सुमारे ५२९ किलो. जवळपास ६ टक्के वाढ.
- एकूण: ५०,००० वरून ५५,००० टन. १० टक्के वाढ.

तिन्ही आकडे खरे आहेत. फरक पडला तो बिस्किटं किलोमागे सरासरी १०० वरून १२० रुपयांवर गेल्यामुळे. भाव वाढला, उलाढाल फुगली आणि भागाकाराचं उत्तर लहान झालं. हवेत मात्र धूर जास्तच गेला. जाहिरातीत यातला कोणता आकडा येईल, हे सांगायची गरज नाही.

मग उलाढालीने भागूच नये का? तसं नाही. वाढणारी कंपनी आणि आटणारी कंपनी यांची तुलना करायला भागाकार लागतोच. पण वस्तू बनवणाऱ्या कंपनीत रुपयांपेक्षा टन, मीटर, लिटर यांनी भागलेला आकडा जास्त प्रामाणिक असतो. सेबीही आता दोन्ही आकडे मागते.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. पहिली म्हणजे आधारवर्ष. ज्या वर्षी वापर सर्वात जास्त होता, नेमकं तेच वर्ष तुलनेला घेतलं की घट मोठी दिसते. तसंच २०२०-२१ मध्ये अनेक कंपन्यांचा वीज आणि इंधनाचा वापर खाली आला होता. त्याचं कारण लॉकडाऊन होतं, सुधारणा नव्हे.

दुसरी म्हणजे काम बाहेर देणं. कंपनीने स्वतःचे ट्रक विकून वाहतुकीचं कंत्राट दिलं, तर ते डिझेल स्कोप १ मधून उठून स्कोप ३ मध्ये जातं. स्कोप ३ सांगायचं बंधन नसेल, तर धूर अहवालातून गायब होतो. ट्रक मात्र त्याच रस्त्यावर धावत असतात.

पाणी आणि माणसं कशी मोजायची?

कार्बन कुठेही सोडला तरी हवामानावरचा परिणाम सारखाच. पाण्याचं तसं नाही. जुलैत कोकणातून एक लाख लिटर उपसणं आणि मे महिन्यात मराठवाड्यातून तेवढंच उपसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशभरातल्या दहा कारखान्यांच्या पाण्याची बेरीज म्हणूनच फारसं काही सांगत नाही. पाणीटंचाईच्या भागातून किती उपसा झाला, हा खरा प्रश्न. बीआरएसआरमध्ये तोही ऐच्छिक रकान्यात आहे.

कामगारांच्या सुरक्षेसाठी एक दर काढतात. १० लाख मनुष्य-तासांमागे किती अपघातांत कामाचा वेळ वाया गेला, असा तो दर असतो. १० लाख तास म्हणजे साधारण ४०० कामगारांचं वर्षभराचं काम. हा दर कमी असणं चांगलंच. पण जखमी कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावून टेबलावर बसवलं, तर 'वेळ वाया गेला' असं होत नाही आणि अपघात या दरात मोजला जात नाही. म्हणून या दराच्या शेजारी मृत्यूंचा आणि गंभीर दुखापतींचा आकडा पाहायचा. तो लपवणं अवघड असतं. कंत्राटी कामगार त्यात धरले आहेत का, हेही बघायचं. अनेक ठिकाणी धोक्याची कामं त्यांच्याच वाट्याला येतात.

गेटबाहेर काय घडतं? साखरेचं उदाहरण

मोजमापाची हद्द कुठे आखली, यावर निकाल कसा उलटतो हे पाहायचं, तर महाराष्ट्राचा साखर उद्योग पाहावा.

कुंपणाच्या आत चित्र हिरवंगार आहे. ऊस गाळून उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज तयार होते. अनेक कारखाने जास्तीची वीज विकतात. मळीपासून इथेनॉल होतं, प्रेसमडपासून खत किंवा बायोगॅस. कोळसा फारसा लागत नाही. शिवाय बगॅसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून कार्बनच्या हिशेबात तो वेगळा दाखवतात. स्कोप १ आणि २ पाहिले, तर साखर कारखाना आदर्श विद्यार्थी ठरेल.

आता कुंपणाबाहेर या. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीच्या थोड्याशा हिश्श्यावर ऊस असतो, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो घेतो. तो तोडायला दर हंगामात बीडसह मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फेडेपर्यंत ती जोडी बांधलेली असते. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर. एखादा दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड.

या व्यवस्थेची किंमत शरीराने चुकवली जाते. पाळी, गरोदरपण, आजारपण यांसाठी सुट्टी नाही. फडात स्वच्छतागृह नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी सुमारे १३ हजार ८०० जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांच्या शोधवार्तेने या साखरेचा धागा जगभर विकल्या जाणाऱ्या शीतपेयांपर्यंत नेऊन दाखवला.

ही बाई शाश्वततेच्या अहवालात कुठे सापडते? एकेक दार ठोठावून पाहू.

सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात सूचीबद्ध नाहीत, म्हणून त्यांना बीआरएसआर लागू नाही. जे खासगी कारखाने सूचीबद्ध आहेत, त्यांच्या हजेरीपटावरही तिचं नाव नसतं, कारण तिला आणतो मुकादम. साखर विकत घेणारी मोठी कंपनी सूचीबद्ध असेल, तर 'पुरवठा साखळी' म्हणून काही माहिती यायला हवी. पण सेबीच्या नियमानुसार मूल्याच्या दृष्टीने खरेदीत किंवा विक्रीत स्वतंत्रपणे २ टक्के किंवा अधिक वाटा असलेलाच भागीदार साखळीत धरला जातो. कंपनी वीस-पंचवीस कारखान्यांकडून थोडी थोडी साखर घेत असेल, तर त्यातला एकही कारखाना या चाळणीत अडकणार नाही. तिथपर्यंत पोहोचलंच, तरी कारखान्यापुढे वाहतूकदार, वाहतूकदारापुढे मुकादम आणि मुकादमापुढे ती.

यात प्रत्येक जण आपापल्या जागी नियम पाळत असेल. तरीही बेरीज चुकते, कारण माणूस कुणाच्याच रकान्यात बसत नाही.

रेटिंग देणाऱ्या संस्थांचंही एकमत का नसतं?

अहवाल वाचायला वेळ नसेल तर तयार रेटिंग पाहावं, असं वाटणं साहजिक आहे. इथे वेगळीच अडचण आहे. फ्लोरियन बर्ग, ज्युलियन कोएल्बेल आणि रॉबर्टो रिगोबॉन या संशोधकांनी सहा ईएसजी रेटिंग संस्थांची तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संस्थांच्या गुणांमधला परस्परसंबंध सरासरी ०.५४ इतकाच निघाला. पूर्ण एकमत असतं तर तो १ आला असता. कर्ज फेडण्याची पत ठरवणाऱ्या संस्थांमध्ये तो ०.९९ च्या घरात असतो.

या मतभेदाचं निम्म्याहून अधिक कारण मोजण्याच्या पद्धतीत सापडलं. कामगारांना कसं वागवलं जातं, हे एक संस्था नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणावरून ठरवते, तर दुसरी खटल्यांच्या संख्येवरून. प्रश्न एकच, पट्टी वेगळी.

मे २०२२ मध्ये 'एस अँड पी ५०० ईएसजी' निर्देशांकातून टेस्ला बाहेर गेली आणि तेलकंपनी एक्सॉनमोबिल आत राहिली, तेव्हा सोशल मीडियावर गदारोळ झाला होता. कारणं वाचली तर गोंधळ कमी होतो. टेस्लावर कारखान्यातल्या वांशिक भेदभावाचे आरोप होते आणि ऑटोपायलटच्या अपघातांच्या चौकशीला ती कशी सामोरी गेली, यावरही प्रश्न होते. शिवाय अशा निर्देशांकात कंपनीची तुलना बहुतांशी तिच्याच क्षेत्रातल्या कंपन्यांशी होते. म्हणजे 'तेलकंपन्यांमध्ये बरी' असलेली कंपनी आत बसू शकते. गुण कशाचे आहेत हे न पाहता फक्त टक्के पाहिले, तर अशी फसगत होणारच.

भारतात जुलै २०२३ पासून ईएसजी रेटिंग देणाऱ्या संस्थांना सेबीकडे नोंदणी करावी लागते.

हे आकडे तपासतं कोण?

बरीच वर्षं याचं उत्तर 'कुणीच नाही' असं होतं. जुलै २०२३ मध्ये सेबीने 'बीआरएसआर कोअर' आणलं. त्यात नऊ मुद्द्यांचे निवडक आकडे त्रयस्थ संस्थेकडून पडताळून घ्यावे लागतात. कार्बन, पाणी, ऊर्जा, कचरा आणि कामगारांची सुरक्षितता त्यात आहेच. शिवाय एकूण पगारातला महिलांचा वाटा, छोट्या गावांत दिलेला रोजगार, लहान उद्योगांकडून केलेली खरेदी, पुरवठादारांची बिलं चुकती करायला लागलेले दिवस, असे खास भारतीय परिस्थितीतून आलेले मुद्देही आहेत. २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरुवात करून २०२६-२७ पर्यंत सगळ्या १,००० कंपन्यांपर्यंत जायचं, असं त्याचं वेळापत्रक ठरलं.

मात्र मार्च २०२५ मध्ये नियम सैल झाले. पुरवठा साखळीची माहिती ऐच्छिक करण्यात आली. कडक 'अॅश्युरन्स'ऐवजी 'मूल्यांकन' हा पर्यायही खुला झाला. खर्च आणि कागदपत्रांचा बोजा कमी करावा, ही उद्योगांची मागणी होती. ती निराधार नाही, कारण शेकडो छोट्या पुरवठादारांकडून माहिती गोळा करणं सोपं नसतं. पण गेटबाहेरचं दार त्यामुळे पुन्हा अर्धं लोटलं गेलं, हेही खरं.

खोट्या हिरव्या दाव्यांना, म्हणजे 'ग्रीनवॉशिंग'ला, आळा घालायला दोन तरतुदी आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था 'एएससीआय'चे नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. त्यांनुसार 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हेही स्पष्ट करावं लागतं.

परदेशात अशा दाव्यांवरून मोठे दंडही झाले आहेत. ड्यूश बँक समूहातील गुंतवणूक कंपनी 'डीडब्ल्यूएस'ला सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने १.९ कोटी डॉलरचा दंड केला. गुंतवणूक करताना ईएसजीचा विचार करतो, असं सांगताना तिने वस्तुस्थितीपेक्षा वाढवून सांगितलं होतं.

छोट्या उद्योगांना याच्याशी काय?

आता बरंच काही. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं यांबरोबर पोलादी बोल्ट-स्क्रूसारखा मालही त्याच्या कक्षेत येतो. युरोपातला खरेदीदार त्यामुळे भारतातल्या लहान वर्कशॉपलाही विचारतो, की या मालामागे किती उत्सर्जन झालं? ज्याच्याकडे विजेची बिलं आणि इंधनाच्या पावत्या नीट लावून ठेवलेल्या आहेत, त्याला उत्तर देता येतं. मोजमापाची सुरुवात तिथूनच होते. महागडा सल्लागार नंतरची गोष्ट.

तुम्ही स्वतः कसं तपासाल?

कंपनीच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या विभागात वार्षिक अहवाल असतो. बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवरही तो मिळतो. त्यातला बीआरएसआर उघडा आणि हे सात प्रश्न विचारा.

१. हद्द कोणती? अहवाल एकट्या कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह? हे सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. सर्वात प्रदूषण करणारा कारखाना उपकंपनीत तर नाही ना?

२. कशाला भागलं? तीव्रता घटली असेल, तर एकूण आकडाही पाहा.

३. कोणत्या वर्षाशी तुलना? एका वर्षाची घट सोडून द्या. तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा.

४. स्कोप ३ आहे का? नसेल, तर 'नेट झिरो'चा दावा अर्धवट आहे.

५. कोणी तपासलं? पडताळणीचं पत्र जोडलेलं असतं. त्यात कोणते आकडे तपासले आणि कोणते नाही, हे वाचा.

६. कंत्राटी माणसं कुठे आहेत? कायम आणि इतर कामगारांची संख्या वेगळी दिलेली असते. 'इतर' जास्त असतील, तर अपघात आणि पगाराचे आकडे त्यांना धरून आहेत का?

७. वाईट बातमी कुठे आहे? दंड, नोटिसा, मृत्यू, तक्रारी यांचा एकही उल्लेख नसलेला मोठ्या उत्पादन कंपनीचा अहवाल फार चांगला तरी असतो, नाहीतर फार अपुरा. कंपनीच्या नावापुढे 'प्रदूषण नियंत्रण मंडळ' किंवा 'हरित लवाद' टाकून बातम्या शोधा आणि जुळवून पाहा.

मग या मोजमापाचा उपयोग काय?

एवढ्या पळवाटा असतील तर हा सगळा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी बहुतेक भारतीय कंपन्यांचं पाणी, उत्सर्जन, अपघाती मृत्यू किंवा स्त्री-पुरुष पगारातला फरक यांपैकी काहीच सामान्य माणसाला घरबसल्या कळत नव्हतं. आज कळतं. पत्रकार, कामगार संघटना, गावकरी आणि छोटे भागधारक ते आकडे पुढे करून जाब विचारू शकतात. कंपनीने स्वतःच्या सहीने छापलेला आकडा नंतर नाकारणं तिला जड जातं.

शाश्वततेचा कोणताही एकच गुण नाही आणि बहुधा कधी नसेलही. कार्बनची बचत आणि कामगाराची इजा यांची बेरीज-वजाबाकी होऊ शकत नाही. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कंपनीची हिरवी पोस्ट शेअर करण्याआधी तिने काय मोजलं एवढंच पाहू नका. काय आणि कुणाला मोजलं नाही, तेही शोधा.